मोहाच्या झाडापर्यंतचा दिवा

मी एक चाक बोलतोय. व्याकरणाच्या मास्तरांनी रागावू नये, ‘चाक’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे मलाही ठाऊक आहे. पण मला उचलताना ज्यांची ज्यांची कंबर धरली, ते सगळे मला ‘आडदांड गडी’ म्हणत आले. मला ते आवडलं, म्हणून मी स्वतःला ‘तो’ म्हणतो.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. मी लवकर हलत नाही आणि एकदा हललो की लवकर थांबत नाही. माणसांत अशाला हट्टी म्हणतात. पण देवसिंगने मला घरी आणलं ते याच गुणासाठी.

माझा जन्म ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात लाल रस ओतला, तो थंड झाला आणि मी झालो. माझे आरे सरळ नाहीत, विळ्यासारखे वाकडे आहेत, कारण त्यांच्यावर कडबा कापायची पाती बसायची होती. मी कडबाकुट्टीचं चाक. घाटंजीजवळच्या एका मालकाच्या गोठ्यात मी कामाला लागलो. गडी मूठ धरून मला फिरवी, ज्वारीचा कडबा पुढे सरके, आणि खच्च खच्च आवाज करत मी त्याचे तुकडे करी. बैल माझ्याकडे मोठ्या प्रेमाने बघत. माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघणारं तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.

मग पाती झिजली, मूठ तुटली आणि मालकाने नवं यंत्र आणलं. मला गोठ्यामागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. त्याच सुमारास आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. गडी एकमेकांना म्हणत, “आता आपुन मुंबईवाले झालो!” मी मात्र होतो तिथेच होतो, कोंबड्यांसकट. फिरायची सवय लागलेल्याला असं उभं करून ठेवलं की त्याला कसं वाटतं, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. वारा आला की मला उगाच वाटायचं, आता कोणीतरी हात लावील.

हात लावला तो देवसिंगने. तो बैलगाडीतून शेणखत घेऊन आला होता. खताची बंडी रिकामी केली आणि मला पाहून तो थबकलाच. माझ्या कडेवरून त्याने बोट फिरवलं.

“मालक, हे चाक मले द्या. खताच्या बदल्यात.”

“तुले कायले पाहिजे?”

“दिवा लावाले.”

“चाकानं दिवा लागते काय रे, बाप्पा?” मालक पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी मला देऊन टाकलं. एका बंडी शेणखताच्या मोबदल्यात मी विकलो गेलो, हे मी अभिमानाने सांगत नाही. पण बंडीत पडल्या पडल्या आकाश माझ्यावरून सरकू लागलं, आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

देवसिंगचा तांडा घाटंजीपासून फार लांब नाही. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखामुलखांतून फिरत. आता तांडा एका जागी बसला होता, कापूस आणि ज्वारी पिकवत होता. घरात ते गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलत. मी पडलो ओतीव लोखंड, मला तिच्यातले थोडेच शब्द कळत. आई म्हणजे याडी, एवढं मात्र पक्कं कळलं. बाकी त्यांचं बोलणं मी तुम्हाला वऱ्हाडीतच सांगतो.

घरात माणसं तीनच होती. देवसिंग, त्याची बायको रुपीबाई आणि त्यांची लेक जमनी. जमनीची सोयरीक झाली होती, दिग्रसच्या पलीकडच्या तांड्यावरच्या डोंगरसिंगशी. मुलाचे वडील खेमसिंग लग्नाची तारीख धरायला आले, तेव्हा देवसिंग म्हणाला होता, “माह्या पोरीची हळद बिजलीच्या दिव्याखाली लागन. दिवा लागू द्या, मंग लगीन.” खेमसिंगांना वाटलं, बापाची हौस आहे. तेही कौतुकाने हो म्हणाले.

आता हे दिव्याचं वेड आलं कुठून? कोरडं साल पडलं तेव्हा देवसिंग राजूरच्या कोळसा खाणीत कामाला गेला होता. तिथे कोळशाचे डबे वर ओढायची खूण द्यायला एक विजेची घंटी होती. ती एकदा बिघडली आणि दुरुस्तीसाठी उघडली, तेव्हा त्याने तिचं पोट पाहिलं. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी होती. वीज आली की गुंडाळी लोहचुंबक बनून टोल्याला, म्हणजे घंटीवर आपटणाऱ्या हातोडीला, ओढी. टोला ओढला गेला की तारेची जोड सुटे, वीज तुटे आणि टोला मागे जाई. मागे गेला की पुन्हा जोड, पुन्हा ओढ. त्याच्या मनात आलं की टोला ओढला जातो, तर चाक का ओढलं जाऊ नये? खाणीतून परतताना त्याने तिथल्या मोडीत पडलेली एक गुंडाळी मागून आणली.

घराशेजारच्या छपरात त्याने मला सागवानी चौकटीत बसवलं. माझ्या कडेवर लोखंडाचे चार ठोकळे बोल्टने आवळले आणि शेजारी ती गुंडाळी ठोकली. माझ्या आसावर ठोकळ्यागणिक एक, असे चार लाकडी उंचवटे केले. मी फिरलो की ते पितळेची पत्ती दाबत आणि सोडत. पत्ती दाबली की वीज सुरू, सोडली की बंद. रामलाल नावाचा लॉरी ड्रायव्हर देवसिंगचा दोस्त होता. त्याने जुनी बॅटरी आणि मोडक्या लॉरीचा डायनॅमो दिला. माझ्या कडेवरून चामड्याचा पट्टा डायनॅमोवर घातला आणि डायनॅमोच्या तारा घरासमोरच्या बांबूवर टांगलेल्या लॉरीच्या दिव्याला आणि परत बॅटरीला जोडल्या.

रुपीबाई कमरेवर हात ठेवून हे सगळं पाहत होती. “बॅटरी संपन तवा?”

“संपन कायले?” देवसिंग उत्साहाने म्हणाला. “हे पाह्य. आपले आजे इकडून धान घेऊन जात, तिकडून मीठ घेऊन येत. बैल रिकामा परतला का कधी?”

“नाई.”

“मंग! बॅटरीतून बिजली निघाली, तिनं चाक फिरवलं. चाकानं डायनॅमो फिरवला. डायनॅमोतून बिजली परत बॅटरीत आली. जाताना भरलेली, येताना भरलेली. आपल्या तांड्याचा धंदाच हाय हा.”

मला हे इतकं पटलं की मी मनातल्या मनात फिरू लागलो. कधीच न थांबणारं चाक! भिंतीला टेकून काढलेल्या दिवसांवर याहून मोठं औषध कोणतं?

पण मी फिरलोच नाही. म्हणजे थोडा फिरलो. गुंडाळीने ओढलं, माझा ठोकळा तिच्यासमोर आला आणि तिथेच थरथरत अडकून बसला. देवसिंगने मला हाताने जोर देऊन पाहिलं. दोनचार फेरे झाले की पुन्हा तेच. प्रत्येक ठोकळा गुंडाळीसमोरून जाताना मागे खेचला जाई. देवसिंगला वाटलं, ओढ कमी पडते आहे. त्याने तारेचे वेढे वाढवले. ओढ वाढली आणि मी आणखी घट्ट अडकलो.

दिवाळी गेली. खेमसिंग पुन्हा आले. मला अडकलेला पाहून त्यांनी देवसिंगकडे पाहिलं.

“इवाई, पोरगी देता का दिवा देता?”

“लागनच ना आता. थोडं राह्यलं.”

“माह्या पोराचे केस पांढरे होतीन. राग नका मानू. होळीपर्यंत वाट पाह्यतो. मंग मी दुसऱ्या तांड्यावर पोरगी पाहीन.”

ते गेले. जमनी एरंडीच्या तेलाची वाटी घेऊन माझ्याकडे आली. माझ्या आसाला तेल घालणं हे तिचंच काम होतं. तिने डोंगरसिंगला घाटंजीच्या बाजारात एकदाच पाहिलं होतं, पण त्या एका पाहण्यावर ती कितीतरी दिवस हसत होती. तेल घालता घालता ती माझ्या कानाशी, म्हणजे आसाशी, पुटपुटली, “फिर ना रे बाबा लवकर. काहून अडून बसला?”

मला फार वाईट वाटलं. कोणी मला ‘फिर’ म्हणावं आणि मला फिरता येऊ नये!

माघात एक दिवस देवसिंग माझ्यासमोर डोकं धरून बसला होता. मागे ओट्यावर मायलेकी जात्यावर बसल्या होत्या. एका खुंट्यावर दोघींचे हात. जमनी थोडा वेळ बापाकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “बापू, ते गुंडाळं वढून धरते म्हणून अडते.”

“वढलं नाई त फिरन कसं?”

“वढावं, पण सोडावं बी. हे पाह्य.” तिने खुंटा आपल्याकडे ओढला. “माह्याकडं आलं की मी हात सैल सोडते. मंग याडी वढते. मी धरून बसली त दोघींचंही जातं अडते.”

देवसिंगने पत्तीकडे पाहिलं. ठोकळा गुंडाळीसमोर येऊन पुढे निघाला तरी पत्ती दाबलेलीच राहत होती. ओढ वेळेवर सुटत नव्हती. त्याने पटाशी घेतली आणि लाकडी उंचवटे मागच्या अंगाने थोडे तासले. ठोकळा अगदी समोर यायच्या जरा आधीच पत्ती सुटली पाहिजे, असे.

मग त्याने मला एक झोका दिला. गुंडाळीने ओढलं. मी तिच्याकडे धावलो आणि पोचता पोचता तिने मला सोडून दिलं. मी तिच्यासमोरून निसटून पुढे गेलो. पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. पत्ती वाजू लागली, कट्, कट्, कट्. माझं सगळं वजन माझ्या उपयोगाला आलं. हवा माझ्या आऱ्यांतून घुमू लागली. देवसिंगने पट्टा ताणला आणि बांबूवरचा दिवा आधी लाल झाला, मग पिवळा. शेजारच्या सुखीबाईने दारातून ओरडून विचारलं, “आग लागली का जी?”

जमनी टाळ्या पिटत नाचली. देवसिंग मात्र नाचला नाही. त्या आनंदातही माझ्या हे लक्षात आलं.

बॅटरी अर्थातच संपली. देवसिंगने ती रामलालच्या लॉरीतून घाटंजीला पाठवून तिथल्या गिरणीच्या इंजिनावर भरून आणली. पुन्हा लावली, पुन्हा संपली. मी जेवढं घेई तेवढं परत देऊ शकत नव्हतो. काही आसात जाई, काही पट्ट्यात, काही वाऱ्यात. मला हे कबूल करायला जड जातं, पण फिरण्यात काही ना काही सांडतंच. रामलाल म्हणाला, “देवसिंग, बॅटरी भरून आणत जा, दिवा लागून राह्यला ना? लगीन उरकून टाक.”

देवसिंग म्हणाला, “असं नाई. ते आपलं आपण चाललं पाहिजे. मंगच दिवा लागला म्हणीन मी.”

होळी जवळ आली होती. तांड्याच्या झांजा वाजू लागल्या होत्या. देवसिंग रोज कधी पट्टा बदली, कधी डायनॅमो घासे. जमनीने तेलाची वाटी आणणं सोडलं होतं. एका संध्याकाळी रुपीबाई त्याच्याजवळ येऊन बसली. तिचे हात पिठाने माखले होते.

“तुमचे आजे रिकामे परतत नव्हते, हे खरं हाय,” ती म्हणाली. “पण बैल वाटंनं चरत होता ना? रानातला चारा फुकटचा, म्हणून तुमच्या आज्यानं तो ध्यानात नाई ठेवला. या चाकाले चारा कोण घालन?”

देवसिंगने पट्टा पुन्हा ताणून पाहिला.

“आणि हे तुम्हाले कवाच समजलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “जमनीचे बापू, तुम्हाले दिवा नाई पाहिजे. तुम्हाले पोरगी पाहिजे.”

मी स्थिर होतो, तरी माझ्यात काहीतरी हललं. देवसिंगने माझ्या कडेवर हात ठेवला होता. तो हात गुंडाळीसमोर अडकलेल्या माझ्या ठोकळ्यासारखा तिथेच अडकून राहिला. तो म्हणाला, “एकच लेकरू हाय माहं.”

“माहं बी एकच हाय,” रुपीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पागोटं बांधून खेमसिंगांच्या तांड्याला गेला. होळीच्या आधी तारीख धरून आला.

मग तांड्यावर एक निराळंच काम सुरू झालं. त्यांच्यात नवरीला रडायला शिकवतात. ढावलो म्हणतात त्या गाण्यांना. म्हाताऱ्या बायका संध्याकाळी जमनीला मधे बसवून तिच्या गळ्यात हात घालून शिकवत, बापाला असं आळवायचं, याडीला असं, मागे राहणाऱ्या वाटेला असं. जमनीला पहिल्यांदा हसूच फुटे. म्हाताऱ्या तिला चापट मारत, “रड ना वं पोट्टे नीट!” आणि इकडे देवसिंग माझ्यावर हातोडी मारत बसे. मारण्यासारखं माझ्यात काही उरलं नव्हतं. ते गाणं ऐकू येऊ नये म्हणून तो मारत होता, आणि मी मुकाट्याने ते घाव सोसले. मित्र आणखी कशाला असतात?

हळद दिव्याखालीच लागली. त्यासाठी रामलालने बॅटरी भरून आणली होती. दिवा काही फार मोठा नव्हता, पण त्या पिवळ्या उजेडात जमनीच्या ओढणीवरचे आरसे चमकू लागले आणि सगळा तांडा माझ्याकडे वळून पाहू लागला. पूर्वी बैल बघत तसंच.

पाठवणी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. देवसिंगने जमनीला सांगितलं होतं, “तू मोहाच्या झाडापाशी वळेपर्यंत दिवा चालू राहीन. मागं वळून पाह्यजो.” मोहाचं ते झाड तांड्याच्या टोकाला, रस्ता वळतो तिथे आहे. त्याच्यापुढे गेलेलं माणूस दिसत नाही.

देवसिंगने मला फिरवून दिवा लावला, आणि रीतीप्रमाणे जमनीला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं केलं. ती गाऊ लागली. शिकवलेलं सगळं गायली, आणि मग न शिकवलेलं एक गायली. तिने गाण्यात म्हटलं की बापू, तुझ्या चाकाला तेल कोण घालील? तिथे तिचा आवाज तुटला आणि म्हाताऱ्यांचाही. या वेळी तिला रड म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही.

तिला बंडीत बसवलं. देवसिंगने बैलाचा कासरा धरला होता. तो त्याने गाडीवानाला द्यायचा होता. त्याने दिला नाही. खेमसिंग खाकरले. बैल मान हलवू लागले. देवसिंग कासरा धरून उभाच.

आणि त्याच वेळी मला बसणारी ओढ थांबली. पत्ती वर-खाली होत होती, पण गुंडाळीत जीव नव्हता. बॅटरी संपली होती. रात्रभराच्या उजेडात तिने आपलं सगळं देऊन टाकलं होतं. देवसिंगने दचकून माझ्याकडे पाहिलं. कासरा धरूनच तो छपराकडे एक पाऊल वळला. तारा हलवून, काहीतरी करून बघायला तो येणार होता.

रुपीबाईने त्याचा हात धरला. “राहू द्या. जेवढं वढलं तेवढं फिरन ते.” मग अगदी हळू म्हणाली, “वढून झालं. आता सोडा.”

देवसिंगने कासरा सोडला.

बंडी निघाली. आणि मी, मी सांगतो तुम्हाला, उभ्या आयुष्यात असा फिरलो नाही. मला ओढणारं कोणी नव्हतं. माझ्याजवळ होतं ते फक्त आधी मिळालेलं. डायनॅमो पट्ट्याला लटकून मला मागे खेचत होता आणि दिवा माझ्यातलं पिऊन घेत होता. मी माझं सगळं वजन पणाला लावलं. बंडी सुखीबाईच्या अंगणापुढे गेली. विहिरीपुढे गेली. दिवा पिवळ्याचा नारिंगी झाला. एवढं मोहाचं झाड येऊ दे, एवढंच मला वाटत होतं. नारिंगीचा लाल झाला. मग काचेत एक लाल केस उरला, आणि तोही विझला.

बंडी तेव्हा मोहापाशी पोचायची होती.

ती पोचली तेव्हा जमनीने मागे वळून पाहिलं. तिथून तिने हात वर केला. अंधारलेल्या घराकडे पाहून हात केला. मी अजून हळूहळू फिरतच होतो, दिवा नसताना. ते मात्र तिला तिथून दिसलं नसणार.

श्रावणात तीजेच्या सणाला जमनी माहेरी आली. बंडीतून उतरली आणि सरळ माझ्याकडे येऊन तिने माझ्या कडेवर तळवा ठेवला. देवसिंगने विचारलं. त्या दिवसापासून त्याला तेच विचारायचं होतं.

“मोहापासून दिवा दिसला होता का वं?”

“हाव बापू,” जमनी म्हणाली. “चांगला लखलखीत.”

देवसिंगने मान हलवली. दिवा कुठे विझला हे तो माझ्याइतकंच जाणत होता. त्याने तेलाची वाटी तिच्या हातात दिली. आसात तेल घालून ती घरात गेली.

त्याला आता वर्षं झाली. घाटंजीला विजेचे खांब उभे राहिले आहेत, तांड्यावरही येणार म्हणतात. डायनॅमो रामलालने परत नेला. गुंडाळीचं तांबं कशाला तरी कामी आलं. पत्ती हरवली. मी मात्र त्या सागवानी चौकटीत अजून आहे. जमनीला दोन लेकरं झाली. ती पूर्वीइतकी येत नाही, संसार आहे तिचा. कधी सणाला येते, तेव्हा देवसिंग दोन दिवस आधीच माझ्या आसाला तेल घालतो. आता ते काम त्याचं आहे.

ती परत जायला निघाली की तो एक गोष्ट करतो. बंडी हलायच्या वेळी छपरात येतो, दोन्ही हातांनी मला जोराने एकदा ओढतो आणि सोडून देतो. मग कोपऱ्यात टेकवलेली काठी घेऊन घरात जातो. मी थांबेपर्यंत तो बघत बसत नाही, आणि रस्त्याकडेही बघत नाही. दिवा लागत नाही, डायनॅमो नाही, मागे खेचणारं काहीच नाही. म्हणून मी पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरतो.

तुमच्यापैकी कोणी कधी तांड्यावर आलं आणि छपरात मी फिरताना दिसलो, तर एवढं करा. कोणी नाही म्हणून हात लावून मला थांबवू नका. बंडी अजून मोहापाशी वळायची असेल.